शरदातील हवामान, मेळघाटच्या खोऱ्यांतील

विदर्भाच्या उत्तर सीमेवरील सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, मुख्यतः अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत, पावसाळा सरल्यापासून थंडी स्थिरावेपर्यंत असणारे हवामान. निरभ्र आकाश, दुपारचे कडक ऊन, दिवस मावळताच झपाट्याने उतरणारे तापमान आणि पहाटेचे दाट दहिवर ही त्याची ठळक लक्षणे होत. या प्रदेशाची उंची सुमारे ३८० मी.पासून वैराट येथे सुमारे १,१७८ मी.पर्यंत वाढत जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या तापीच्या उपनद्यांनी बेसाल्ट खडक कोरून खोल, वळणावळणाची खोरी तयार केली आहेत.

कालमर्यादा : रूढ पंचांगाप्रमाणे आश्विन व कार्तिक हे शरदाचे महिने. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत ते २३ सप्टेंबर ते २१ नोव्हेंबर असे पडतात; चांद्र महिने मात्र अधिकमासामुळे मागेपुढे सरकतात. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात ऋतूंच्या दोन मांडण्या आढळतात. पहिली रूढ गणनेशी जुळते. दुसरीत शिशिर गाळून वर्षा ऋतूआधी प्रावृट् हा पहिल्या पावसाचा स्वतंत्र ऋतू धरला आहे. तीत भाद्रपद-आश्विन वर्षा ऋतूचे आणि कार्तिक-मार्गशीर्ष शरदाचे आहेत. गंगेच्या दक्षिणेस पाऊस फार म्हणून तेथे पावसाचे दोन ऋतू, तर उत्तरेस हिमालयामुळे थंडी फार म्हणून तेथे हेमंत व शिशिर वेगळे, असा या फरकाचा उलगडा टीकाकारांनी उद्धृत केला आहे. दुसरी मांडणी वात, पित्त व कफ या दोषांचा संचय-प्रकोप (साठणे व बळावणे) सांगण्याच्या सोयीसाठी केली असावी, असेही म्हटले जाते. मेळघाटापुरते पाहता प्रदेशभेदाचा उलगडा अधिक सयुक्तिक वाटतो. नैर्ऋत्य मोसमी वारे विदर्भातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतात. तोवर आश्विनाचा बराच भाग पावसाळीच असतो आणि तापमानाचे खरे चढउतार कार्तिकात दिसू लागतात. भारतीय हवामान विभाग ऑक्टोबर ते डिसेंबर हा मोसमोत्तर काळ एकच मानतो.

चढउतारांची कारणे : ढग पांगले आणि हवेतील बाष्प घटले, की जमिनीतून रात्री बाहेर पडणारी उष्णता अडवायला वर काही उरत नाही. सुमारे २१.५° उत्तर अक्षांशावर सप्टेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. ६६° वर असतो. नोव्हेंबरअखेर तो सु. ४७° वर येतो आणि रात्र १३ तासांच्या घरात जाते. दुपारचे ऊन अजून तापवते, पण रात्र लांबत चाललेली असते. खोऱ्यात तर डोंगराआड सूर्य लवकर जातो आणि सकाळी उशिरा वर येतो.

याला भूरूपाची जोड मिळते. उतारावरची जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन नाल्यांच्या वाटेने खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. यालाच तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. संध्याकाळी गावातल्या चुलींचा धूर सरळ वर न जाता घरांच्या थोडा वर आडवा पसरून राहतो, तो या थराला अडल्यामुळे. पहाटे हाच तळ धुक्याने भरतो आणि ऊन खाली उतरेपर्यंत मोकळा होत नाही.

मेळघाटातील रात्रीच्या गारव्याचे श्रेय सरसकट उंचीला देण्याचा प्रघात आहे. सरासरीने दर १,००० मी. चढाईला तापमान सु. ६.५° से. उतरते. त्या हिशेबाने ४०० मी. उंचीच्या तळापेक्षा १,१०० मी.वरचे चिखलदऱ्याचे पठार चार-साडेचार अंशांनी थंड असावे. दिवसा हे बहुधा खरे असते. निवांत, निरभ्र रात्री मात्र पठारावरची गार हवा दऱ्यांत उतरून जाते आणि तळ पठाराइतका, कधी त्याहूनही अधिक थंड होतो. सर्वांत उबदार असतो तो मधला उतार. वारा सुटला किंवा ढग आले की उंचीचा नियम पुन्हा लागू होतो. म्हणून येथे केवळ उंचीपेक्षा खोऱ्याचा आकार व कोरडे आकाश ही कारणे अधिक महत्त्वाची मानणे योग्य. अमरावती, अकोला यांसारख्या मैदानी ठिकाणांचे आकडे या खोऱ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

शेती : सोयाबीनच्या शेंगा सकाळी दहिवराने मऊ असतात, तर दुपारी कोरड्या पडून तडकतात व दाणे सांडतात. त्यामुळे सोंगणी सकाळी लवकर आणि मळणी ऊन चढल्यावर उरकतात. कापसाची वेचणी उलट दहिवर वाळल्यावरच सुरू होते. तूर फुलोऱ्यावर असताना सलग धुवारी (दाट धुके) पडल्यास फूलगळ होते. कोरडवाहू हरभऱ्याला मात्र हा ओलावा उपकारक ठरतो. पुढे थंडीत हरभऱ्यावर रात्रभर पांढरे फडके अंथरून सकाळी ते पिळतात व आंब (आंबट पाणी) गोळा करतात. पानांतील आम्ल दहिवरात उतरल्यामुळे ती मिळते. सागाची कोवळी रोपे कडाक्याच्या थंडीत खोलगट जागी आधी करपतात.

बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे व चक्रीवादळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा क्रम मोडतात. ढग आले की दिवस निवतो, रात्र उबदार होते आणि दोहोंतील अंतर एकदम कमी होते. पाऊस पडलाच तर सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीत कोंब फुटतात आणि बोंडांतला फुटलेला कापूस काळवंडतो.