सुटं तेल, सीलबंद पिशवी

ठाणं सोडून कल्याणकडे निघालेली एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यात शिरते. 1916 सालचा, सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा. आत नेटवर्क गेलं की माझ्या क्रोममध्ये तो ओळखीचा डायनासोर उभा राहतो. शेजारच्याच्या फोनवरचं पान मात्र बिनधास्त चालू! ॲप असेल, म्हणून आपण सोडून देतो. पण तेही ब्राउझरमधलं साधं पान असू शकतं.

ही किमया सर्व्हिस वर्करची. पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसलेली ही एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम. पानाने काहीही मागितलं की मागणी आधी तिच्याकडे येते. फोनमधल्या साठ्यातून द्यायचं की सर्व्हरकडून आणायचं, हे ती ठरवते. क्रोममध्ये ती 2015 साली आली. याच कामासाठी आधी असलेलं ॲप्लिकेशन कॅश फारच हट्टी होतं. एकदा पान साठवलं की नेट असतानाही जुनंच दाखवायचं, आणि त्याच्या यादीच्या फाइलमध्ये काही बदलल्याशिवाय हलायचं नाही. मग प्रोग्रामर त्या फाइलमधल्या टिपणीत नुसती तारीख बदलत बसायचे.

म्हणजे नेटशिवाय चालण्याचा प्रश्न बराचसा सुटला. मला त्यापेक्षा अवघड वाटतो तो भरवशाचा प्रश्न.

वेबपान म्हणजे वाण्याकडचं सुटं तेल. दरवेळी नव्याने ओतून मिळतं. आजचं तेल कालच्याच डब्यातलं आहे का, शेजारच्या गिऱ्हाइकाला दिलं तेच मला दिलं का, हे कळायला मार्ग नाही. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातल्या सांकेतिक वाटेमुळे, माल आणणाऱ्या टेम्पोला कुलूप लागतं; टेम्पोत काय भरलंय याची हमी ते कुलूप देत नाही. सर्व्हरवर कुणी घुसखोरी केली तर बिघडलेला कोडसुद्धा अगदी सुरक्षित वाटेने तुमच्यापर्यंत पोहोचतो. गुप्त संदेशांच्या बाबतीत हे फार नाजूक आहे. म्हणूनच व्हॉट्सॲप वेबसाठी मेटाने 2022 मध्ये कोड व्हेरिफाय नावाचं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन काढलं. तुमच्या ब्राउझरला मिळालेल्या कोडचा डिजिटल ठसा ते क्लाउडफ्लेअर या त्रयस्थ कंपनीकडे ठेवलेल्या ठशाशी ताडून बघतं.

दुसरा उपाय सरळ सीलबंद पिशवीचा. ॲपच्या सगळ्या फाइली एका गठ्ठ्यात बांधायच्या आणि त्यावर डिजिटल सही करायची. सही करणारी गुप्त किल्ली फक्त बनवणाऱ्याकडे. तिच्या जोडीची जाहीर किल्ली वापरून सही कुणीही तपासावी. गठ्ठ्यातला एक बाइट बदलला तरी सही जुळत नाही. अशाच सहीच्या गठ्ठ्यात येणाऱ्या क्रोमच्या आयसोलेटेड वेब ॲप्समध्ये तर ॲपची ओळख डोमेनच्या नावावर नसतेच, ती जाहीर किल्लीपासून तयार होते. शिवाय बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवायला सक्त बंदी. नाहीतर पिशवीला सील आणि खाली भोक!

सील असलं तरी पिशवीतल्या मालाची काळजी घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉन म्हणजे वेबपानांपासून संगणकावरची ॲप्स बनवायचं साधन. त्यावर बनवलेल्या ॲपमध्ये अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत बांधलेला असतो, आणि पानाला थेट संगणकातल्या फाइलींपर्यंत हात घालू देण्याची सोयही असते. अशा ॲपमध्ये कुणी पाठवलेला संदेश न गाळता दाखवला, तर त्यात दडवलेली स्क्रिप्ट तुमच्या फाइली वाचू शकते. इलेक्ट्रॉनच्या 2019 मधल्या पाचव्या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. फार आधी व्हायला हवं होतं, असं माझं मत.

पिशवीची एक अडचण उरतेच. सुट्या तेलातली चूक दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकापासून सुधारतो. सीलबंद माल घरोघरी बदलून द्यावा लागतो, आणि महिनोन् महिने नेट न लागलेल्या फोनमध्ये जुनं भोक तसंच राहतं. सर्व्हिस वर्करचंही थोडंफार असंच आहे. बोगद्याबाहेर नेटवर्क येतं, नवी आवृत्ती उतरते, पण साइटचं जुनं पान उघडं असेपर्यंत ती सहसा रांगेत थांबून राहते. माझ्या फोनमध्ये तर गणपतीपासून उघडे असलेले टॅब आहेत.