सेशिएशन की सटायटी? पोट भरणं आणि पोट भरलेलं राहणं

डाएटच्या व्हिडिओंमध्ये "हाय सटायटी फूड" हा शब्द हल्ली सारखा कानावर पडतो आणि बरेच जण त्याचा अर्थ जे खाल्लं की पोट गच्च होतं ते, असा घेतात. तसं नाहीये. जेवताना एका क्षणी आता बास वाटतं आणि हात थांबतो, त्याला आहारशास्त्रात सेशिएशन म्हणतात. सटायटी त्याच्यानंतरची, म्हणजे ताटावरून उठल्यावर परत भूक लागेपर्यंत जी भरल्याची भावना टिकते ती. आपल्याकडे भाताने पोट भरतं पण भाकरीचा आधार राहतो असं म्हणतात ना, त्यातलं भरणं हे सेशिएशन आणि आधार ही सटायटी.

शरीरात दोन्हीकडे बरीच यंत्रणा सारखीच वापरली जाते, म्हणून घोळ होतो. जठर ताणलं गेलं की व्हेगस नर्व्हमधून मेंदूला निरोप जातो, अन्नातलं फॅट आणि प्रोटीन लहान आतड्यात पोचलं की सीसीके नावाचं हॉर्मोन सुटतं, आणि ह्या दोघांचं मुख्य काम चालू जेवण थांबवणं. नंतरचे तास जीएलपी-१, पीवायवाय ही हॉर्मोन्स आणि जठर किती सावकाश रिकामं होतंय त्यावर जास्त अवलंबून असतात.

दोन्ही खरंच वेगळ्या गोष्टी आहेत हे मला सगळ्यात जास्त पटलं ते १९८४ च्या उंदरांवरच्या एका प्रयोगामुळे. त्यात उंदरांना दर खाण्याच्या वेळी सीसीके दिलं, प्रत्येक खाणं लहान झालं, म्हणजे सेशिएशन लवकर आलं, पण उंदीर जास्त वेळा खायला लागले आणि दिवसाचं एकूण खाणं काही फारसं टिकून कमी झालं नाही! त्यामुळे कोणी "हे खा, थोडक्यात पोट भरतं" म्हणालं तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, किती वेळ भरलेलं राहतं?

ते मोजायचा प्रयत्न १९९५ मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीत सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी केला. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा साधारण २४० कॅलरीचा भाग, आणि खाल्ल्यावर २ तास दर १५ मिनिटांनी किती भरल्यासारखं वाटतंय ते विचारायचं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेला बटाटा ३२३ आणि क्रोसाँ ४७. बटाटा वाईट म्हणून ताटातून काढणाऱ्यांनी हा आकडा नक्की बघावा. अर्थात हे २ तासांचंच चित्र आहे, आणि तेवढ्याच कॅलरीचा बटाटा आकाराने खूप मोठा होतो हेही त्यात आलं.

अजून एक गोंधळ नावातच आहे. सेन्सरी स्पेसिफिक सटायटी म्हणजे एकाच चवीचा कंटाळा येणं, वरणभात नको झाला तरी श्रीखंडाला जागा असते ती ह्याचमुळे, आणि हे घडतं चालू जेवणात, म्हणजे नावात सटायटी असली तरी वागणूक सेशिएशनची.

आता वापराचं. उच्चार सटायटी, सॅटिएटी नाही. रोजच्या इंग्रजीत हा शब्द अन्नापुरता नसतो, कशाचाही अतिरेक होऊन नकोसं वाटणं असाही त्याचा अर्थ डिक्शनरीत सापडतो, आणि सेशिएटेड हे विशेषण दोन्हीसाठी चालतं. पण डाएटबद्दल लिहीत असाल तर "ओट्सने सटायटी वाढते" म्हणजे पुढची भूक उशिरा लागते एवढंच, वाटीभर कमी खाल्लं जातं असं नाही.