विजयदुर्ग

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या तोंडावर वसलेलं छोटं बंदरगाव. जुन्या इंग्रजी कागदांत 'घेरिया' म्हणून येतं ते हेच, आणि ते नाव शेजारच्या गिर्ये गावावरून पडलं असं बहुतेक जण धरतात. किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने साधारण 1193 ते 1205 च्या दरम्यान बांधला असं सांगतात, पण आज दिसणारी तिहेरी तटबंदी बरीच नंतरची.

विजयदुर्ग हे नाव कधी पडलं यावर मात्र वाद आहे. शिवाजी महाराजांनी 1653 साली आदिलशाहीकडून किल्ला घेतला, त्या वर्षी 'विजय' नावाचं संवत्सर होतं, म्हणून विजयदुर्ग, असं सरसकट छापलं जातं. आता शके 1575 ला, म्हणजे 1653 ला, विजय संवत्सर येतं हे बरोबर आहे, त्यामुळे ही जोडणी पटकन पटते, पण जावळीच मुळात 1656 ला हाती आली, मग त्याच्या तीन वर्षं आधी महाराज इतक्या खाली दक्षिण कोकणात किल्ला घेतात हे जुळवणं अवघड जातं. म्हणून काही अभ्यासक 1663-64 च्या आसपासचा काळ धरतात आणि तोच जास्त पटण्यासारखा वाटतो.

पुढे आंग्र्यांच्या काळात हे आरमाराचं मोठं ठाणं झालं. 1717 आणि 1720 ला इंग्रज, 1724 ला डच, सगळे इथून हात हलवत परतले. फेब्रुवारी 1756 मध्ये मात्र तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, इंग्रजांकडून वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ होतं, तोफेचा गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला (हे आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच धरलेलं), ते पेटलं आणि दाटीनं उभी असलेली गुराबं, गलबतं एकापाठोपाठ एक जळून गेली. मराठ्यांचंच आरमार मराठ्यांच्या संमतीनं संपलं, हे वाचताना आजही जीव तुटतो. त्याच वर्षी तहात बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांना मिळाला आणि नंतर धुळप घराण्यानं इथून पेशव्यांचं आरमार चालवलं. 1783 ला आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज धरलं ते याच काळातलं. 1818 ला किल्ला इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यापासून साधारण 3 किलोमीटर आत खाडीकाठी आंग्रेकालीन गोदी आहे, ती खरं तर किल्ल्याइतकीच महत्त्वाची. लांबी सुमारे 355 फूट सांगतात. काम साधं होतं: भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ कोरडा, मग खालच्या फळ्या बघा, शिवणी बुजवा, परत भरती आली की जहाज आपोआप तरंगतं. ना पंप ना यंत्र, सगळा भार समुद्राच्या वेळापत्रकावर. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली असलेल्या दगडी भिंतीची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं केली आहे. शत्रूच्या जहाजांचे तळ त्यावर फुटायचे असं गावात सांगतात.

किल्ल्यातल्या 'साहेबाच्या ओट्यां'बद्दलही (ग्रहण बघण्यासाठी केलेले चौथरे) घोळ आहे. हेलियमचा शोध 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरनं इथून लावला असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं आणि त्या तारखेला इथे हेलियम दिवसही साजरा होतो. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता, त्यानं 20 ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. भारतात ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननं पाहिलं ते गुंटूरहून. लॉकयर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेच्या खलाशांची मदत घेऊन. ओटे त्या मोहिमेचेच असावेत. आणि यात गावाचा मान कमी होत नाही, 1898 ची मोहीम खरी आहे आणि मोठी आहे, ती नीट सांगायला हवी.

मुंबईहून येणाऱ्या कोकण किनाऱ्याच्या आगबोटी इथे थांबत. ती सेवा बंद पडल्यावर वर्दळ ओसरली. आता जेट्टीवर मच्छीमारी, मागच्या सड्यावर हापूसच्या बागा, आणि किल्ला बघायला येणारे लोक. गोदीकडे फार कोणी वळत नाही.