धीर शब्दांनी येतो की आवाजाने?

अनोळखी माणसांपुढे उभं राहून भाषण करायचं, आणि ते संपतं न संपतं तोच तोंडी गणितं सोडवायची. समोरचे चेहरे मख्ख. मोठ्यांनाही घाम फुटावा असा हा प्रसंग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सात ते बारा वर्षांच्या मुलींवर मुद्दाम आणला गेला. लेस्ली सेल्ट्झर, सेथ पोलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचं होतं ते त्यानंतरचं: घाबरलेल्या पोरीला धीर कशाने येतो?

काही मुलींना आईने जवळ घेऊन समजावलं, काहींशी ती फक्त फोनवर बोलली, काहींची आईशी गाठच पडू दिली नाही. मग लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, आणि लघवीतलं ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलं जाणारं संप्रेरक, मोजलं. 2010 मध्ये निकाल आला. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींमध्येही ऑक्सिटोसिन वाढलं होतं, जवळजवळ कुशीत घेतलेल्या मुलींइतकंच.

खरी गंमत 2012 मधली. या वेळी एका गटातल्या मुली आईशी चॅटवर बोलल्या. आई तीच, माया तीच, तरी कॉर्टिसॉल आईशी संपर्कच न झालेल्या मुलींइतकं चढलेलं राहिलं आणि ऑक्सिटोसिन हललंही नाही.

मुली जेमतेम साठ-सत्तर, नातं आईचं; मैत्रीला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. लघवीतल्या ऑक्सिटोसिनवरून मेंदूतलं कितपत कळतं, यावरही वाद आहेत. पण रडवेल्या मित्राला ‘काळजी करू नकोस’ असं टाइप करून आपण मोकळे होतो, तेव्हा हा प्रयोग मला हटकून आठवतो.

तरी टायपिंगला नावं ठेवायची घाई नको. ॲडम जॉइन्सन यांनी 2001 मध्ये दाखवलं की समोरासमोर बसलेल्यांपेक्षा संगणकावरून गप्पा मारणारे स्वतःबद्दल जास्त सांगतात, आणि एकमेकांचा चेहरा दिसू लागला की हा मोकळेपणा आटतो. साहजिकच आहे. समोरच्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही, लिहिलेलं पुसता येतं, डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला कळत नाही. घटस्फोट, नोकरी जाणं, आजारपण यांबद्दलचा पहिला शब्द अनेकदा रात्री उशिरा मेसेजमध्येच उमटतो. सांगायला पडदा सोयीचा. ऐकून घेतलं गेल्याचं समाधान मात्र तिथे पुरेसं मिळत नाही.

मग आपण फोन का टाळतो? अवघडल्यासारखं होईल म्हणून. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2021 मध्ये ही भीती तपासली. सहभागी लोकांनी दुरावलेल्या जुन्या मित्राशी संपर्क साधायचा होता. फोन करायचा की ईमेल, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. आधी बहुतेकांना ईमेल बरा वाटत होता. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना जवळीक जास्त जाणवली, आणि अवघडलेपण ईमेलपेक्षा वाढलं नाही.

पुढच्या प्रयोगात अनोळखी माणसांना जिव्हाळ्याचे प्रश्न एकमेकांना विचारायला लावले: कुणी लिहून, कुणी नुसत्या आवाजावर, कुणी व्हिडिओवर. लिहिणारे मागे पडले. आवाज आणि व्हिडिओ यांत मात्र फारसा फरक निघाला नाही. म्हणजे केस विस्कटलेले असले, घरात पसारा असला, तरी कॅमेरा बंद ठेवून फोन लावायला हरकत नाही.