ऊर्जासंक्रमणातील लोकसहभाग (बेळगाव सीमाभाग)

कोळशावरच्या विजेकडून सूर्य, वारा, पाणी आणि बगॅस (उसाचे चिपाड) यांच्या विजेकडे वळताना गावची जमीन, गायरान, तारांची वाट आणि विजेचे बिल यांविषयीचे निर्णय रहिवाशांना आधी विचारून, त्यांच्या हरकती नोंदवून आणि जमेल तिथे त्यांच्याच हाती सोपवून घेण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या तालुक्यांत तिला आणखी एक अंग आहे. विचारणा कोणत्या भाषेत होते, यावर इथे सहभाग खरा की कागदोपत्री हे ठरते.

जिल्ह्याची ठेवण या विषयात महत्त्वाची आहे. पूर्वेकडे सौंदत्तीच्या कोरड्या माळावर पवनचक्क्या आहेत. कृष्णा, दूधगंगा आणि घटप्रभेच्या काठच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती चालते. पश्चिमेला खानापूरचे जंगल आहे. तिथून तारा जातात, पण वाड्यांचा वीजपुरवठा भरवशाचा नसतो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न निराळा, म्हणून विचारणाही निराळी हवी.

या विषयातला सर्वांत मोलाचा अनुभव जिल्ह्याच्या घरातच आहे. १९६९ मध्ये देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच संस्थांत महाराष्ट्रातील मुळा-प्रवरेबरोबर हुक्केरीची संस्था होती. मुळा-प्रवरेचा वितरण परवाना २०११ मध्ये संपला; हुक्केरीची संस्था अजून वीज वाटते. बाकी जिल्ह्यात हेस्कॉमचा, म्हणजे हुबळीच्या सरकारी वीजपुरवठा कंपनीचा, ग्राहक असतो, इथे सभासद असतो. त्याचा संस्थेत भाग (शेअर) असतो, संचालक मंडळ त्याच्या मतावर निवडले जाते आणि वार्षिक सभेत टीसी (गावचा ट्रान्सफॉर्मर) कधी बदलणार, हे तो उभा राहून विचारू शकतो. ही निवडणूक तालुक्याच्या राजकारणातली चुरशीची लढत असते. तरीही मर्यादा उघड आहेत. दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो आणि वीज बाहेरून विकत घ्यावी लागते. त्यामुळे खांब, तारा आणि माणसे यांवर सभासदांचा अधिकार चालतो, पण वीज कशापासून तयार झालेली असावी हे ठरवणे त्यांच्या हाती नाही. संक्रमणाच्या काळात नेमकी हीच उणीव भरून काढायला हवी.

कायद्याची वाट याउलट अरुंद होत गेली आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवन आणि सौर प्रकल्प येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी जनसुनावणी नसते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आहे. पण सौर कंपनी शेतकऱ्याशी परस्पर भाडेपट्टा करते तेव्हा ती अट लागूच होत नाही. करार पंचवीस-तीस वर्षांचा, म्हणजे एका पिढीचा. शेजारच्या बांधावरच्या कुळाला किंवा शेतमजुराला त्यात बोलायला जागा नाही. ज्या भागात बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन देण्याविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षे झगडले, तिथे जमिनीचा कागद पुढे आला की लोक सावध होतात. हा सावधपणा अडाणीपणातून आलेला नाही, अनुभवातून आला आहे.

उच्चदाब वाहिन्यांबाबत तर वाट जवळपास बंद आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ नुसार वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. मग शेतात मनोरा उभारताना भरपाई द्यावी लागते, मालकाची संमती घ्यावी लागत नाही. वनहक्क कायदा २००६ चा; पण २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकाने वाहिन्या, रस्ते यांसारख्या लांबट प्रकल्पांना वनजमिनीसाठी ग्रामसभेच्या संमतीतून बहुतांशी सूट दिली. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यातील शेल्डेला जाणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीविरुद्ध गोव्यात मोठे आंदोलन झाले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जुन्या २२० केव्ही वाहिनीचाच मार्ग वापरावा अशी शिफारस केली. आधी विचारले असते तर ही सूचना गावकऱ्यांनीही केली असती, असे मानायला जागा आहे.

उरतात ग्रामसभा, वॉर्डसभा आणि दरनिश्चितीतल्या हरकती. वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार दराचा अर्ज प्रसिद्ध करून हरकती मागवाव्याच लागतात. पण सुनावणी हुबळी किंवा बेंगळुरूला आणि कागद कन्नड-इंग्रजीत. निपाणीच्या पंपसेटधारकाने पावणेदोनशे किलोमीटर जाऊन कोणत्या भाषेत बोलावे? संविधानाचे कलम ३५० म्हणते की राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडता येते. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे मान्य धोरण आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषकांचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, भाडेपट्ट्याचा मसुदा आणि ग्रामसभेची नोटीस मराठीत मिळणे त्यावर अवलंबून नाही. कन्नड शेजाऱ्यालाही इंग्रजी करार तितकाच परका असतो.

मालकीची एक वाट मात्र उघडी आहे. शेतीतल्या सौरऊर्जेसाठीच्या केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात शेतकरी, त्यांचे गट, सहकारी संस्था आणि पंचायती ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचे सौर केंद्र स्वतः उभारू शकतात. जागा उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते. सीमाभागात कृषी पत्तीन संघ (शेती पतसंस्था) आणि दूध संस्था गावोगाव आहेत. जमाखर्च आणि वार्षिक सभा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत, आणि त्या सभेत सभासद आपापल्या भाषेत बोलतात.