ओयम्याकोनची थंडी येते कुठून?

जानेवारी आला की व्हॉट्सअॅपवर ओयम्याकोनचा फोटो येणारच, पापण्यांवर बर्फ वगैरे, आणि खाली 'उणे ७१.२ डिग्री!!'. पण हा आकडा थर्मामीटरवर कुणी वाचलेलाच नाहीये. भूगर्भशास्त्रज्ञ सर्गेई ओब्रुचेव्ह १९२६ ला तिकडून गेला, त्यावरून काढलेला तो अंदाज. मोजलेला आकडा उणे ६७.७, ६ फेब्रुवारी १९३३ चा, आणि तो काय कमी आहे का!

ओयम्याकोन म्हणजे रशियाच्या सायबेरियात, याकुतिया प्रांतातलं एक गाव, आणि त्याच नावाचा तालुकाही म्हणा, १९३१ ला झालेला, मुख्य ठिकाण उस्त-नेरा, पण तालुक्याचं क्षेत्रफळ केरळच्या दुपटीहून जास्त.

गंमत अशी की ओयम्याकोन गाव आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहे, तरी उत्तर ध्रुवावर एवढी थंडी पडत नाही, कारण तिथे बर्फाखाली समुद्र असतो आणि तो ऊब सोडत राहतो. इथे समुद्र लांब आणि चहूकडे डोंगर. हिवाळ्यात सायबेरियावर जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसते, आभाळ स्वच्छ, वारा ठप्प. बर्फ पांढरं म्हणून ऊन परतवतं एवढं शाळेत शिकवतात, पण इन्फ्रारेडमध्ये तेच बर्फ जवळजवळ काळ्या वस्तूसारखं वागतं, म्हणजे उष्णता मस्तपैकी बाहेर फेकतं, आणि भुसभुशीत असल्याने जमिनीतली ऊबही वर येऊ देत नाही. हे फेकणं तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं, त्यामुळे पृष्ठभाग गार होईल तसं ते मंदावतं, आणि वरची हवा जेवढं इन्फ्रारेड खाली पाठवते त्याच्याशी जुळत आलं की पारा घसरायचा थांबतो (पारा म्हणायचं आपलं, तो उणे ३९ लाच गोठतो, तिथे अल्कोहोलचं थर्मामीटर लागतं). वरची हवा कोरडी, म्हणून खाली येणारंही कमीच. मग ही गार जड हवा उतारावरून दरीत येऊन साचते, अशा वेळी डोंगर चढून गेलात तर वर चक्क उबदार! महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठतात पण बाजारपेठेत तेवढा गारठा नसतो, ते याच कारणाने.

या दरीतच दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी होती, अलास्काहून येणारी अमेरिकन विमानं रशियाला पोचवताना तिथे उतरायची. आणि कोलिमा हायवे, जो या भागातून जातो, तो स्टालिनच्या छावण्यांतल्या कैद्यांनी बांधला, कारण पलीकडे सोनं होतं. त्यातले किती जण याच थंडीत मेले, ते त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही.