खेळ जुना झाला की पडदा बदलला?

डक हंट या जुन्या व्हिडिओ गेमची बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर रोखून चाप ओढला तर एकही बदक पडत नाही, नेम कितीही अचूक असो. नव्वदच्या दशकात मुंबईत ज्या घरात ‘टीव्ही गेम’ होता, त्या घरातल्या मुलांना ही बंदूक म्हणजे जादू वाटायची. आता ती माळ्यावरून काढून नव्या टीव्हीला जोडली की मुलं म्हणतात, हा गेम बिघडलाय. पण गेम बिघडलेला नसतो. त्याला जो पडदा लागतो, तोच घरातून गेलेला असतो.

बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट तिच्यात प्रकाश शिरतो. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. चाप ओढला की कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडलेलं गेमचं यंत्र, क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. सेन्सरला आधी काळोख आणि नंतर उजेड दिसला तर नेम लागला. बदकं दोन असतील तर चौकोनही एकामागून एक दोन दाखवले जातात आणि कोणत्या वेळी उजेड आला यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. हे सारं सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतं.

यासाठी पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागतो. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर सेकंदाला १५ हजारांहून जास्त ओळी आखत जातो, आणि बंदुकीतलं सर्किट नेमकी त्याच वेगाने होणारी प्रकाशाची थरथर शोधत असतं. घरातल्या बल्बलाच बंदूक फसू नये म्हणून केलेली ही सोय. एलसीडी किंवा एलईडी टीव्ही अशा ओळी आखत नाही, त्यामुळे ती थरथर नसते. शिवाय चित्र पडद्यावर यायलाच उशीर होतो. पांढरा चौकोन दिसेपर्यंत कन्सोलने निकाल देऊन टाकलेला असतो.

‘जुने गेम आज खेळून बघितले तर टिकतात का?’ हा प्रश्न हल्ली खूप ऐकू येतो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत हातात मावणारे, हजारो गेम भरलेले कन्सोल मिळतात, आणि फोनवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, तर कोणीही टाकू शकतो. दहा मिनिटं खेळून ‘काय बघायचो आपण तेव्हा!’ असा निकालही लगेच लागतो. माझं म्हणणं असं की हा निकाल बऱ्याचदा गेमचा नसतो, तो काचेचा आणि घड्याळाचा असतो. आधी ते वेगळे काढायला हवेत.

काचेपासून सुरुवात करू. फॅमिकॉम हा १९८३ चा जपानी कन्सोल, आणि आपल्या बाजारात आलेले बहुतेक ‘टीव्ही गेम’ त्याच्याच नकला. त्याचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० उंच. हे ठिपके आजच्या पडद्यावर ठसठशीत चौकोन होऊन दिसतात आणि मारिओ विटांनी रचल्यासारखा भासतो. चित्रकारांनी मात्र ते चौकोन पाहून चित्र काढलं नव्हतं. पिक्चर ट्यूबवर ठिपक्याच्या कडा विरघळायच्या, शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे, आणि हे मिसळणं कलाकार मुद्दाम वापरायचे. १९९१ च्या सॉनिकमधल्या धबधब्याच्या उभ्या रेषा एकाआड एक काढलेल्या आहेत. जुन्या टीव्हीवर साध्या वायरने जोडलं की त्या रेषा मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. नव्या टीव्हीवर तिथे नुसत्या पट्ट्या दिसतात.

हालचालीचंही तसंच. पिक्चर ट्यूबवर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझतो. एलसीडीवर चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवलेलं असतं. आपला डोळा तर पळणाऱ्या मारिओबरोबर सरकत असतो, म्हणून थांबलेलं चित्र डोळ्यात फासल्यासारखं पुसट होतं. पडदा महाग आणि भरपूर ठिपक्यांचा असला तरी हा दोष त्याने जात नाही.

आता घड्याळ. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे, भारतातले पॅल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. त्या काळचे गेम आपली पावलं या चित्रांवरच मोजायचे. प्रत्येक चित्रामागे मारिओ अमुक इतका सरकणार, असा हिशेब. म्हणून ६० साठी लिहिलेला गेम पॅलसाठी जुळवलेल्या कन्सोलवर चालवला की तो पाच षष्ठांश वेगाने चालायचा, संगीतासकट. त्या तालावर ज्यांचा हात बसला, ते आज मूळ वेगाचा गेम खेळतात तेव्हा पहिल्याच खड्ड्यात पडतात. वय झालं असं त्यांना वाटतं, पण त्यांच्यासाठी गेमच वीस टक्के जास्त वेगाने पळत असतो. वर नवा टीव्ही चित्र ‘सुधारून’ दाखवायला काही मिलीसेकंद खातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावून काँट्रा पुन्हा खेळून बघावा. फरक बोटांना लगेच कळतो.

काच आणि घड्याळ ठीक केल्यावर उरतात ते गेमचे नियम. खरी परीक्षा त्यांची.

मारिओची उडी घ्या. १९८५ चा तो अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटोही सहसा याहून मोठा असतो. जागा इतकी कमी की ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. पण उडीवर मात्र हात आखडता घेतलेला नाही. वर जाताना बटण दाबून ठेवलं तर गुरुत्वाकर्षण कमी लागतं, सोडलं की वाढतं. पळत येऊन उडी मारली तर ती जास्त उंच जाते. हवेत असताना दिशाही वळवता येते. न्यूटनच्या नियमात यातलं बरंचसं बसत नाही, पण अंगठ्याला ते अगदी खरं वाटतं. चाळीस वर्षांनीही ही उडी शिळी झालेली नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

पॅकमॅनच्या भुतांचंही असंच. १९८० मध्ये तोरू इवातानी यांनी चार भुतांना चार वेगळे स्वभाव दिले. लाल भूत थेट पाठलाग करतं. गुलाबी भूत तुमच्या चार घरं पुढची जागा गाठू बघतं. निळसर भूत तुमची आणि लाल भुताची जागा मिळून आपलं लक्ष्य ठरवतं. नारिंगी भूत दुरून चाल करून येतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. चारच सोपे नियम, पण ते एकत्र आले की घेरल्यासारखं वाटतं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये तर यंत्राची मर्यादाच नियम झाली. ५५ परग्रहवासीयांपैकी दर चित्राला एकच हलायचा, त्यामुळे जसजसे ते मरत तसतसे उरलेले भराभर येत. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते बदललं नाही, आणि शेवट जवळ येताना छातीत जी धडधड होते ती तिथूनच आली.

तरीही कोणी म्हणेल, हे सगळं बालपणाच्या ओढीने बोलता. शंका रास्त आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला सर्वांत ठळक आठवतात, हे मानसशास्त्रात पक्कं झालेलं आहे. पण टेट्रिस या शंकेला उत्तर देतं.

आपल्याकडे अनेकांनी तो ‘ब्रिक गेम’ म्हणून छोट्या यंत्रावर खेळला. मूळ गेम १९८४ चा, मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव यांचा. त्यांच्या संगणकाला चित्रं काढताच येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते. २००० मध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांनाही टेट्रिस खेळायला दिला होता. आपण काही खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं. तरी झोप लागता लागता त्यांच्यातल्या काहींना डोळ्यांसमोर ठोकळे पडताना दिसत होते. ज्यांना आठवणच नाही त्यांच्या मेंदूतही या गेमने घर केलं, तिथे बालपणाच्या ओढीचा प्रश्नच येत नाही.

ठोकळे सोपे दिसतात, पण २००२ मध्ये गणितज्ञांनी सिद्ध केलं की पुढे येणारे सगळे ठोकळे आधी सांगितले तरी जास्तीत जास्त ओळी कशा पुसायच्या, हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अवघड मानल्या गेलेल्या ‘एनपी-कम्प्लीट’ गटात मोडतो. माणसाची बोटंही अजून थांबलेली नाहीत. १९८९ च्या निन्टेन्डो टेट्रिसमध्ये २९ वी लेव्हल म्हणजे शेवट, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि गेमच गोठला. गेमच्या रिमोटच्या मागच्या बाजूला बोटांनी भराभर ठोकायची नवी पद्धत खेळाडूंनी शोधली होती, तिच्यामुळे हे शक्य झालं.

सगळेच गेम असे टिकत नाहीत. व्हिडिओ गेम पार्लरमधला ‘मुस्तफा’ आठवतो? कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. गेमचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, सगळे त्यातल्या पात्राच्या नावाने ओळखायचे. गेम किती अवघड ठेवायचा हे यंत्राच्या सेटिंगमध्ये ठरायचं, म्हणून एका पार्लरमध्ये बॉसपर्यंत पोहोचणारा मुलगा दुसऱ्या पार्लरमध्ये तिसऱ्या स्टेजलाच आऊट व्हायचा. सगळी रचना नाणं मागणारी. एम्युलेटरवर नाणी फुकट असतात, मरण्याची भीती उरत नाही, आणि एकट्याने खेळताना अर्ध्या तासात कंटाळा येतो. तिघं जण खांद्याला खांदा लावून बसले तर मात्र तोच गेम अजून रंगतो. इथे नियमांइतकीच गर्दीही गेमचा भाग होती.

हे तपासून बघायचं तर गेम हाताशी तरी हवेत. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकतच मिळत नव्हते. मुंबईतली पार्लरं बंद झाली तशी त्यांची यंत्रं भंगारात गेली. मुस्तफाच्या यंत्रातल्या मूळ सर्किट बोर्डावर तर एक छोटी बॅटरी असते. आवाजाचा प्रोग्रॅम कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली त्या बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. १९९७ पासून मेमसारख्या एम्युलेटरवर काम करणाऱ्या लोकांनी अशी कुलपं उघडून प्रोग्रॅम वाचवले, पण बोर्ड वाचवणं आपल्याच हातात आहे. कोणाच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर असं जुनं यंत्र पडलेलं असेल, तर ते भंगारवाल्याकडे देण्याआधी जाणकाराला दाखवा आणि बॅटरी तिच्यात थोडा जीव आहे तोवर त्याच्याकडूनच बदलून घ्या.